एक पद रिक्त आहे

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात मी ३३ वर्षं काढली. त्यातली निम्मीशिम्मी आस्थापनेच्या टेबलावर गेली. आस्थापनेच्या माणसाला माणसं दिसत नाहीत, जागा दिसतात. मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती, हा तक्ता दर महिन्याला वर पाठवायचा. मग वरून तोच तक्ता वेगळ्या नमुन्यात मागवायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी तो तक्ता डोक्यातून गेलेला नाही. म्हणून गेल्या श्रावणात डॉक्टर मॅडमनी माझी खालची डावी दाढ उपटून ट्रेमध्ये टण्णकन टाकली, तेव्हा कापसाचा बोळा चावत मी मनातल्या मनात आकडे मांडले. मंजूर पदं ३२. कधीच न भरलेली २ (अक्कलदाढा, घरात याचं कुणालाच आश्चर्य वाटलं नाही). नव्याने रिक्त १. कार्यरत २९.

दाढ साधी नव्हती. मॅडम म्हणाल्या, "काका, ही सहाव्या नंबरची. पक्क्या दातांत बहुतेक हीच पहिली येते, वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास." ही कुठल्याही दुधाच्या दाताला ढकलत नाही. सगळ्या दुधाच्या दातांच्या मागं, मोकळ्या जागेत गुपचूप उगवते. त्यामुळे आईबापांना वाटतं, हीसुद्धा दुधाचीच असेल, पडेल आणि दुसरी येईल. दुसरी येत नाही. म्हणजे माझ्याबरोबर पहिलीच्या वर्गात दाखल झालेली ही दाढ मी ६४ वर्षांचा होईपर्यंत कामावर होती. सरकारने मला वयाच्या ५८ व्या वर्षी घरी पाठवलं. हिने ५८ वर्षं नुसती सेवाच केली. अर्जित रजा शून्य. निरोप समारंभ नाही, नारळ नाही, शाल नाही.

ती कशी गेली याबद्दल गल्लीत एक बातमी पसरली आहे, तिचा इथे खुलासा करतो. कडक भाकरीनं दाढ तुटली हे खोटं आहे. आमच्याकडची कडक भाकरी ज्वारीची असते, पापडासारखी पातळ, आणि ती दाताखाली मोडते ती आवाज करायला, दात मोडायला नाही. त्या दिवशी ताटात भाकरी होती आणि दाढेचा तुकडा भाकरीबरोबर हातात आला, इतकंच. खरी गोष्ट अशी की त्या दाढेत वीस वर्षांपूर्वी चांदी भरली होती, ती कडेनं खचत होती, आणि दाढ ठणकली की मी लवंग धरायचो. ठणका थांबला की प्रकरण बंद. पुढच्या महिन्यात बघू, दिवाळी झाल्यावर बघू, पेन्शन जमा झाल्यावर बघू. माझ्याच फायलीवर शेरा मारायचा तर लिहीन, 'संबंधितास वेळोवेळी कळवूनही त्यांनी दखल घेतलेली नाही.'

दाढ गेल्यावर तिसऱ्या दिवसापासून जीभ तपासणीला जाऊ लागली. विस्तार अधिकारी वर्षातून दोनदा शाळेवर जात, ही तासातून चाळीसदा जाते. आरशात पाहिलं तर ती जागा शेंगदाणा बसेल एवढी. जिभेला मात्र ती परंड्याच्या किल्ल्याच्या खंदकाएवढी लागते. बोलताना, झोपताना, बँकेच्या रांगेत, कुणाच्या दहाव्याला गंभीर चेहऱ्याने बसलेलो असताना, जीभ आपली खंदकाच्या काठावर.

दीड महिन्यानं मॅडमनी पुन्हा बोलावलं. टेबलावर प्लॅस्टरची बत्तीशी ठेवली आणि म्हणाल्या, "काका, तीन पर्याय आहेत." त्यांनी ते अर्धा तास नीट समजावून सांगितले, पण मला ते पहिल्या दोन मिनिटांतच समजले होते, कारण हे तीनही पर्याय मी जन्मभर हाताळले होते.

पहिला, काढ-घालीचा दात. एकाच दाताची छोटी कवळी, गुलाबी बैठक, शेजारच्या दातांना धरून ठेवायला तारेचे आकडे. सकाळी बसवायचा, रात्री काढून पाण्याच्या वाटीत ठेवायचा. ही तासिका तत्त्वावरची नेमणूक. मानधन कमी, जबाबदारी कमी, आणि कुणी जोरात शिंकलं तर नेमणूक संपुष्टात.

दुसरा, ब्रिज. रिकाम्या जागेच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन्ही चांगले दात चोहोबाजूंनी घासून बारीक करायचे, त्यांच्यावर टोप्या चढवायच्या आणि दोन टोप्यांच्या मध्ये खोटी दाढ टांगायची. खालून तिला मूळ नाही. हा अतिरिक्त कार्यभार! एका ग्रामसेवकाकडे तीन गावं असतात तसा. तिसऱ्या गावात ग्रामसेवक आहे असं कागदावर दिसतं, ग्रामपंचायतीवर बोर्डही असतो, पण भार वाहतात ते शेजारचे. मॅडमनी एक गोष्ट सोडून दिली नाही, ती मला आवडली. "काका, दातावरचं कवच एकदा घासलं की परत येत नाही. तुमचे शेजारचे दोन्ही चांगले असले तर त्यांना घासताना मला जिवावर येतं."

तिसरा, इम्प्लांट. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, हाडानं त्याला धरेपर्यंत तीन-चार महिने थांबायचं, मग त्यावर दाढ. ही कायम नेमणूक, आणि ते तीन-चार महिने परिवीक्षा कालावधी. हाडानं स्वीकारलं तर सेवापुस्तक उघडायचं.

आणि चौथा पर्याय, जो कुणीच पर्याय म्हणून सांगत नाही पण बहुतेक लोक तोच निवडतात : काहीच करायचं नाही. पद रिक्त ठेवायचं. यावर मॅडमनी जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत उठून बसलो. म्हणाल्या, मागची दाढ हळूहळू मोकळ्या जागेकडे कलते. वरच्या दाढेला खालून टेकू उरत नाही, ती खाली उतरायला लागते. आणि दात नाही म्हटल्यावर तिथलं हाड आपोआप झिजत जातं. आमच्याकडे याला 'पद व्यपगत होणं' म्हणतात. एखादी जागा फार वर्षं भरली नाही की शासन म्हणतं, चाललंय ना तिच्यावाचून? मग जागाच रद्द. आस्थापनेवर असताना मला वाटायचं, ही वित्त विभागाची युक्ती आहे. ती जबड्याची आहे.

घरी येऊन खर्चाचा विषय काढला. आमच्या हिचं माहेर भूम तालुक्यातलं, घरी शेळ्या. तिला कुठलीही मोठी रक्कम शेळ्यांत सांगितल्याशिवाय कळत नाही. तिनं हिशेब लावला, "काढ-घालीचा म्हणजे एक करडू. ब्रिज म्हणजे दोन शेळ्या. अन् ते स्क्रूचं म्हणजे चार-पाच, त्यातली एक गाभण." २०२३ साली जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण शेळीचं नाव अजून उस्मानाबादीच आहे. काळीभोर, काटक, बऱ्याचदा जुळी देणारी. ही म्हणाली, "शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. जन्मापासून नसतात. तरी दुष्काळात बाभळीचा पाला खाऊन ती जगती. तुमची एक दाढ गेली तर गावभर बोंब."

गावभर बोंब झाली होती हे खरं. बसस्थानकाजवळच्या टपरीवर आमचा पेन्शनरांचा चहा असतो. तिथं माझ्या दाढेवर तीन दिवस चर्चा झाली. एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "माझी बारा वर्षांपूर्वी गेली. काही केलं नाही. काही बिघडलं नाही." असं म्हणून ते मोकळेपणानं हसले, आणि काय काय बिघडलंय ते सगळ्यांना दिसलं. दुसऱ्यानं सोलापूरला जा म्हणून सांगितलं, तिसऱ्यानं बार्शीला. आमच्या जिल्ह्यात हे ठरलेलंच आहे. साधी शिंक आली तरी निम्मे लोक सोलापूर म्हणतात आणि निम्मे बार्शी. चौथा शेतकरी, उभ्या आयुष्यात बाजारात शेकड्यानं बैल पाहिलेला. त्यानं माझा ओठ खाली न ओढण्यापुरताच संयम ठेवला होता. बैलाचं वय दातांवर. आदत म्हणजे अजून दुधाचे, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला. जुळल्यानंतर बैलाच्या वयाबद्दल मालक जे सांगेल ते ऐकायचं आणि निम्मं सोडून द्यायचं. तो म्हणाला, "तू जुळून चाळीस वर्षं झाली. बाजारात तुला कुणी धरणार न्हाई. मग दात कुणाला दाखवायचाय?"

मुद्दा बिनतोड होता, फक्त दाढ दाखवायची नसते, चावायची असते. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, ही म्हण ज्यानं केली त्याची एखादी दाढ गेलेली असणार.

त्याच सुमारास जवळच्या मंदिरात भागवत सप्ताह होता. चौथ्या स्कंधात दक्षयज्ञ आला. ही कथा लहानपणापासून ऐकलेली, पण तिच्यात दातांचं प्रकरण आहे हे स्वतःचा दात गेल्यावरच ऐकू आलं. भर यज्ञसभेत दक्ष शंकराची निंदा करत होता तेव्हा पूषा नावाचा देव दात काढून हसला होता. वीरभद्रानं यज्ञ उधळला तेव्हा हिशेब ठेवून पूषाचे तेच दात पाडले. पुढं शंकर शांत झाले आणि नुकसानभरपाईची वेळ आली. दक्षाचं मुंडकं होमात जळालं होतं. त्याला बोकडाचं बसवलं. भृगूची दाढी उपटली होती. त्यालाही बोकडाची दाढी. (आमच्या जिल्ह्याला हा निकाल विशेष मानवावा.) भगाचे डोळे गेले होते, त्यानं मित्राच्या डोळ्यांनी पाहावं. आणि पूषा? त्यानं यजमानाच्या दातांनी खावं, नाहीतर पिठावर भागवावं.

मी मंडपातच मांडीवर थाप मारली. शेजारच्या आजोबांना वाटलं भक्तीनं मारली. बघा ना, मुंडकं बदलून मिळालं, दाढी मिळाली, दात काही मिळाला नाही! साक्षात महादेवासमोर अर्ज असूनही निर्णय काय, तर यजमानाच्या दातांचा आधार घ्या, म्हणजे ब्रिज, किंवा खाणंच बदला. देवांच्या दरबारात इम्प्लांट मंजूर नव्हतं.

ते मंजूर व्हायला १९५२ साल उजाडावं लागलं. स्वीडनचे ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची नळकांडी बसवून हाड कसं भरून येतं ते पाहत होते. काम संपल्यावर महागाची नळकांडी काढायला गेले तर ती निघेचनात. हाड धातूला चिकटून एकजीव झालं होतं. १९६५ मध्ये गोस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या जबड्यात त्यांनी असे स्क्रू बसवले, आणि ते त्याला मरेपर्यंत, चाळीस वर्षांहून जास्त पुरले. मला यात विज्ञानापेक्षा ती पहिली चीड आवडते. सरकारी साहित्य परत जमा करायला गेलो आणि ते निघेना. असे प्रसंग आमच्या भांडारातही घडत, फक्त त्यातून शोध लागत नसत.

कार्तिकात पुण्याचे मेव्हणे आले होते, त्यांना घेऊन तेरला गेलो. तेर म्हणजे जुनं तगर. ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस'मध्ये या बाजारपेठेचं नाव आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात एक छोटी हस्तिदंती स्त्री आहे. तिच्यासारखीच एक इटलीत पॉम्पेईच्या राखेत १९३८ साली सापडली, आणि पॉम्पेई तर इसवी सन ७९ मध्ये गाडलं गेलं. मेव्हणे रोमन व्यापाराबद्दल बोलत होते. मी तिच्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहत होतो. ही बाई म्हणजे मुळात दात. एका हत्तीचा दात, कुणीतरी कोरलेला, जवळजवळ दोन हजार वर्षांनंतर कमरेवर दागिना घालून उभा. दाताला मातीत काही होत नाही, राखेत काही होत नाही. त्याचं जे काही वाकडं होतं ते माणसाच्या तोंडातच. पलीकडे अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कवळ्यांत पाणघोड्याचे दात वापरले होते, लाकडाच्या कवळीची गोष्ट नुसती दंतकथा. हा शब्द इथं वापरायला मिळावा म्हणून मी वॉशिंग्टन आणला, हे कबूल करतो.

संग्रहालयातून गोरोबाकाकांच्या समाधीला गेलो. तेरला कुणी गेलं की ती गोष्ट आठवतेच. संतांचा मेळा जमला होता. मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं पाहून विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं पक्कं भाजलंय का कच्चं, ते बघायला. मग इथं बसलेली मडकी बघा की! गोरोबाकाकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं आहे.

दुसऱ्या आठवड्यात दवाखान्यात गेलो तो मनाशी ब्रिज पक्का करून. अतिरिक्त कार्यभारावर राज्य चालतं तर माझी भाकरी का चालणार नाही? मॅडमनी 'आ' करायला लावलं, छोटा आरसा उलटा धरला आणि त्याच्या दांड्यानं शेजारच्या दातांवर टकटक केलं. एक पुढचा. टक. "दुखतं?" मी मान हलवली, नाही. मग मागची दाढ. टक. मी खुर्चीचा हात धरला आणि बहुधा नामदेवांसारखं काहीतरी बोललो. मॅडम एक्स-रेकडे बघत म्हणाल्या, "काका, ही मागची कलायला लागलीय, आणि आतून किडलीय. हिच्यावर ब्रिज उभा नाही राहणार." मी म्हटलं, "म्हणजे मडकं कच्चं." त्या तिकडच्याच, कळंब भागातल्या, लगेच हसल्या. "थापटणं बरोबर बसलं म्हणा."

उरलं इम्प्लांट. त्यासाठी रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर मागवली. माझी साखर, पेन्शनरांच्या चहात टपरीवाला न विचारता घालतो ती सगळी, त्या आकड्यात उतरली होती. मॅडम म्हणाल्या, साखर अशी वर असताना हाड स्क्रूला नीट धरत नाही, जखम भरायला वेळ लागतो. "आधी ही खाली आणा, आणि ती किडलेली दाढ आपण वाचवू. मग बघू." नेमणुकीचा प्रस्ताव त्रुटींसह परत. दरम्यानच्या काळात कामकाज खोळंबू नये म्हणून तासिका तत्त्वावर एक काढ-घालीचा दात. प्लॅस्टिकच्या निळ्या डबीसकट.

माझी आई ८४ वर्षांची आहे. तिच्या तोंडात एकही दात नाही. तरुणपणी मिश्री लावायची, आता तेही सुटलं. आठ वर्षांपूर्वी मी तिला सोलापूरहून पूर्ण कवळी करून आणली होती. ती तिनं माझ्या भाच्याच्या लग्नात फोटोपुरती घातली आणि रात्री कपाटात साडीच्या घडीत ठेवली, पैठणीला ठेवतात तशी. जेवताना ती कडक भाकरी हातानं चुरते, वर आमटी ओतते, पाच मिनिटं झाकून ठेवते. माझा नवा दात पाहून म्हणाली, "आरं, भाकर भिजली की तिला दात लागतेत व्हय?" चौथ्या स्कंधातला निकाल तिला कुणी वाचून दाखवलेला नाही.

त्या दाताचं आणि माझं पटलं नाही हे इथं नोंदवतो. बोलताना 'स' आणि 'श' एक होतात. शेंगदाण्याचा कण खाली गेला की टाचणी टोचल्यासारखं. दुपारपर्यंत हजेरी लावायची आणि नंतर डबीत, असा आमचा करार झाला; तासिकेवरच्या माणसाकडून आपणही जास्त अपेक्षा ठेवू नयेत. साखर मात्र खाली येत होती. टपरीवर मी बिनसाखरेचा सांगू लागलो, तर निवृत्त मुख्याध्यापकांनी माझ्या वाटची साखर स्वतःच्या कपात घालून घेतली.

मार्गशीर्षातली अमावस्या आली, वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडे या दिवशी गावं ओस पडतात. झाडून सगळे शेतात. कडब्याची खोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, माठात आंबील, तुरीचे-हरभऱ्याचे कोवळे दाणे आणि हाताला येईल तो पाला घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. बाहेरगावचे पाहुणे येणार, ओळखीचे येणार, म्हणून मी त्या दिवशी दात घालून गेलो. पंगतीला बसलो आणि ताट बघून लक्षात आलं की या जेवणात चावण्यासारखं काहीच नाही. वर्षातलं सगळ्यात मोठं जेवण, आणि ते सगळं पूषाचं. भज्जी दाताखाली साचून टोचू लागली तसा मी पाहुण्यांकडे पाठ केली, दात काढला, पाण्यानं धुतला, निळ्या डबीत घातला, डबी सदऱ्याच्या खिशात. मग दोन वेळा भज्जी मागून घेतली.

संध्याकाळी शेताच्या कडेकडेनं आंबील शिंपडत, कानडी वळणाची आरोळी देत पोरं पळाली. माणसं आवरायला लागली. आईला बैलगाडीत बसवायला मी वाकलो तर डबी खुळखुळली.

"खिशात काय वाजायलंय?"

"दात."

तिनं खोपेकडे पाहिलं, रिकाम्या माठाकडे पाहिलं, मग माझ्या खिशाकडे.

"खिशाला कशापायी रं दात?"